काठोकाठ भरलेले पियाले

मित्रांनो, ओश शहरातल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाच्या खिडकीत जी चिनी मातीची किटली दिसते ना, ती मी. वयाने मी तिथल्या निम्म्या प्राध्यापकांहून मोठी आहे आणि थोडी शिष्टही. ताश्कंदच्या कारखान्यात माझ्या निळ्या अंगावर कापसाची पांढरी बोंडे रंगवली, तेव्हा आपण एखाद्या लग्नघरी जाणार असे मला वाटले होते. नशिबी आला तो वाळवलेल्या पानांचा वास आणि दर सोमवारची बैठक. तरी एवढ्या विद्वानांना चहा पाजला, याचा मला अभिमान आहे.

आमच्याकडे मानाच्या माणसाला पियाला भरून देत नाहीत. अर्धाच द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि आपण पुन्हा ओततो. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे 'हा प्या आणि निघा'. ओतायचे काम सर्वांत लहान बाईचे, आणि तिची जागा दाराजवळची.

ती जागा कानिशायच्या वाट्याला आली. डोंगरातल्या अक्रोडाच्या जंगलावर संशोधन करून तिने डॉक्टरेट मिळवली होती. वर्गात मुले तिला आदराने 'एजेके', म्हणजे 'बाई', म्हणत. जिना चढून विभागात आली की मात्र ती 'पोरी' होई. विभागप्रमुख तुर्सुनबाय आगाय, म्हणजे आमचे सर, मायेनेच तशी हाक मारत, म्हणून तिला रागावताही येत नसे.

मुलांना पुस्तकातली चित्रे दाखवण्याऐवजी वसंतात जंगलातच नेऊन शिकवावे, अशी तिची फार इच्छा होती. बैठकीत ती विषय काढी. पण अर्धा पियाला संपायला कितीसा वेळ लागतो? तिचे एक वाक्य होते न होते, तोच विभागातल्या ज्येष्ठ रायखान एजे, म्हणजे रायखानताई, पियाला पुढे सरकवत. कानिशाय उठून ओती, आणि परत बसेपर्यंत बोलणे दुसरीकडेच गेलेले असे.

एकदा मला विसळताना ती स्वतःशीच म्हणाली, "बिश्केकच्या औषध कंपनीत बोलावलंय. जाते झालं. इथे मी शिक्षिका आहे की सून, तेच कळत नाही."

इतकी मन लावून शिकवणारी मुलगी आम्ही चहापायी गमावणार होतो.

पुढच्या सोमवारी आगायांनी जंगलाचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला आणि चहा मागितला. कानिशाय उठली. तिने आगायांचा पियाला अर्धा भरला, पण थांबली नाही. काठापर्यंत भरला. मग रायखान एजेंचा, मग सगळ्यांचा. कुणीतरी तोडलेला नानचा तुकडा परत ताटात ठेवला.

"हाकलतेस की काय गं आम्हाला?" रायखान एजे म्हणाल्या.

"नाही एजे. मला फक्त भरल्या पियाल्याएवढा वेळ हवाय. मग खुशाल रागवा."

आणि ती बोलली. चित्रात झाड ओळखणारी मुले त्याच झाडाखाली उभी राहून त्याचे नाव विचारतात, हे तिने सांगितले. कोणत्या उतारावर न्यायचे, काय शिकवायचे, सारे सांगितले. पियाले इतके भरले होते की उचलायची सोय नव्हती. सगळे मांडीवर हात ठेवून ऐकत होते. मुलांच्या मुक्कामाचे काय, असे रायखान एजेंनी विचारले. तिला विचारलेला तो त्यांचा पहिला खरा प्रश्न.

आगाय म्हणाले, "इतक्या वर्षांत मला कुणी असं हाकललं नव्हतं. न्या मुलांना. मीही येतो, गुडघे कुरकुरले तरी. शिकवायचं तुम्ही, कानिशाय एजेके. मी ऐकेन."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मला डोळे असते, तर माझ्याही आले असते.

आगायांनी मला उचलले आणि तिच्यासाठी ओतायला लागले. जन्मात कधी ओतले नव्हते त्यांनी. झाकणावर बोट धरायचे असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. माझे झाकण फरशीवर पडून फुटले.

मित्रांनो, आता माझ्यात चहा करत नाहीत, अक्रोडाचे रोप लावले आहे. वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्यासाठी चहा ओतणारे माणूस काही बोलत असेल, तर त्याचे वाक्य आधी पुरे होऊ द्या. झाकणाचे मला दुःख नाही. बाजारात तसे दुसरे मिळाले असते. कानिशाय गेली असती, तर आमच्या मुलांनी दुसरी कुठून आणली असती?