फक्त देवळापर्यंत

आनंदा पिसाळांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि हँडलवर ओणवे होऊन मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला. तेवीस हजार आठशे चाळीस. गाडीची चावी फिरवलेली होती, त्यामुळे आकडा ठळक दिसत होता. डोळ्यांचा दोष म्हणायची सोय नव्हती.

“काका, एक मिनिट हं,” गाडीपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली. “आम्ही बघतोय ही.”

ते बाजूला झाले नाहीत. नंबरप्लेट त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच ओळखली होती. पडद्यांचं कापड घ्यायला ते आणि त्यांची बायको बकुळा अंबरनाथहून उल्हासनगरला आले होते, आणि बाजारातून परत निघताना या जुन्या गाड्यांच्या दुकानासमोर त्यांचे पाय थबकले. फुटपाथवर ओळीने लावलेल्या गाड्यांत त्यांची गाडी उभी होती. उंच, वाळूच्या रंगाची, धुऊनपुसून चकचकीत केलेली. इंजिनगार्डवर दगडाचा एक लांब ओरखडा होता, त्यावर कुणीतरी काळा रंग मारून टाकला होता.

“बघा मॅडम,” दुकानदार त्या मुलीला सांगत होता. त्याला सगळे सनीशेठ म्हणत. चाळिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, आवाज कधीच न चढवणारा माणूस. “सात साल पुरानी आहे, मानतो. पण चाललीय किती? चोवीस हजार पण नाही. एक हाथ की गाडी. अंबरनाथचे अंकल होते, फॅक्टरीतून रिटायर. दर सोमवारी शिवमंदिर, दर्शन करके वापस. फक्त देवळापर्यंत. बाकी टाइम कव्हर घालून पार्किंगमध्ये.”

“कोण म्हणालं?” आनंदा एकदम सरळ झाले.

“काय अंकल?”

“मी देवळात जायचो म्हणून कोण म्हणालं तुम्हाला?”

सनीशेठ त्यांच्याकडे बघत राहिला. मुलीचे वडील, बदलापूरच्या बेलवलीहून तिच्याबरोबर आलेले, हातातलं हेल्मेट सांभाळत एक पाऊल पुढे आले.

“ही माझी गाडी आहे,” आनंदा म्हणाले. “मी विकली. आणि विकली तेव्हा एक्क्याण्णव हजार किलोमीटर झालेली होती.”

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ती त्यांच्या इमारतीखाली उभी असायची. उजव्या मनगटाने दगा दिला, डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर पिळणं बंद करायला सांगितलं, आणि आनंदांनी गाडी काढून टाकायची ठरवली. बघायला पुष्कळ जण आले. सगळे आधी मीटरवर वाकत आणि मग त्यांचा चेहरा पडे. एकाने तर खाली बसून इंजिनही पाहिलं नाही. “काका, एवढी पळवलेली कोण घेणार? मीटर चाळीसवर आणून ठेवा, लगेच जाईल,” असा सल्ला देऊन तो निघून गेला. आनंदांनी त्याला जिन्यापर्यंत जाऊन सुनावलं होतं. ऑइल वेळेवर बदललेलं, चेन स्वतःच्या हाताने साफ केलेली, एकही सर्व्हिस चुकवलेली नाही, आणि या लोकांना फक्त आकडा दिसतो.

मग पालेगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा प्रीतम नावाचा तरुण आला. “उभी राहिलेली गाडी नको मला, काका,” तो म्हणाला. “पळालेली पाहिजे. पळालेली गाडी खोटं बोलत नाही.” आनंदांचं मन भरून आलं. त्यांनी त्याला तासभर बसवून घेतलं, कच्छच्या रस्त्यांबद्दल सांगितलं, हंपीला कुठे राहायचं ते सांगितलं. जादा क्लच केबल, पंक्चरचं सामान, दोन्ही बाजूंच्या पेट्या, सगळं त्याला तसंच देऊन टाकलं. तो गाडी घेऊन कोपऱ्यावरून वळला तेव्हा ते बाल्कनीत उभे होते. चांगल्या घरी पडली, असं त्या दिवशी ते दोनदा म्हणाले होते.

“प्रीतम तुमचाच माणूस ना?” त्यांनी आता विचारलं.

“मार्केटमध्ये सगळे आपलेच असतात, अंकल,” सनीशेठ हसला. मग मुलीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “होतं असं मॅडम. गाडी विकली की लोकांना नंतर वाईट वाटतं. येतात, काहीबाही बोलतात. दिल का मामला है.”

आनंदांचे कान तापले. त्यांना फसवलं होतं, ते एक झालं. पण त्यांना जे सहन होईना ते वेगळंच होतं. त्या सात वर्षांत ते कुठे कुठे गेले होते! कच्छच्या रणाच्या कडेने, कोकणच्या प्रत्येक घाटातून, स्पितीच्या त्या खडीच्या रस्त्यांवरून, जिथे उजवीकडे डोंगर आणि डावीकडे काहीच नसतं. फॅक्टरीत पस्तीस वर्षं एकाच शेडमध्ये काढल्यावर त्यांनी ते केलं होतं. आणि या माणसाने दुकानात बसल्या बसल्या त्यांना घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून घरापर्यंत फिरणारा म्हातारा करून टाकलं होतं.

“मी आयुष्यात कधी सोमवार धरलेला नाही!” ते ओरडले. रस्त्यावरचे दोघेतिघे थांबून बघायला लागले. “स्पितीला जाऊन आलीय ही गाडी! विचारा कुणालाही!”

“कुणाला विचारू?” सनीशेठने शांतपणे विचारलं.

“जिज्ञासा, चल,” वडील मुलीला म्हणाले. “यांची आपसातली भांडणं आहेत. आपल्याला नको.”

पण जिज्ञासा बकुळाकडे बघत होती. हा सगळा आरडाओरडा चालू असताना बकुळा बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होती. बुटकी, शिडशिडीत बाई, पंजाबी ड्रेस, पायात बूट. तिने मोबाइल मुलीसमोर धरला. फोटोत हेच मीटर होतं, त्याच्यापलीकडे पांढरीशुभ्र सपाट जमीन, आणि काचेवर टेकवलेलं एका बाईचं बोट. बोटाखाली आकडा होता, ऐंशी हजार.

“कच्छ,” बकुळा म्हणाली. “बोट माझं आहे.”

जिज्ञासाने फोटो मोठा करून पाहिला, वडिलांना दाखवला. वडिलांनी सनीशेठकडे पाहिलं.

“मला मीटर असंच आलं,” सनीशेठ खांदे उडवून म्हणाला. “प्रीतमने काय केलं, त्याला माहीत. मी धंदा करतो साहेब, किसी का मीटर खोलके नहीं देखता.” आणि एवढ्यावर विषय संपल्यासारखा तो शेजारच्या गाडीकडे वळला. “ही नको तर ती बघा ना. अकरा साल पुरानी, पण चाललीय फक्त आठ हजार. मालक दुबईत. नवीच समजा.”

ती गाडीही टूरिंगचीच होती, काळी, टाकीवर एक ओरखडा नाही. वडिलांच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं. जिज्ञासा तिच्याकडे गेली, सीटवर हात फिरवला.

“आठ हजार म्हणजे काहीच नाही,” वडील म्हणाले. “कुठे आठ आणि कुठे एक्क्याण्णव. ही घे.”

आनंदांना वाटलं, आपण खरं बोललो आणि त्याचं फळ हे. पुन्हा तेच. पुन्हा आकड्यावरूनच.

“अहो, अकरा वर्षं उभी आहे ती!” ते दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले. “उभ्या गाडीचं काय होतं ठाऊक आहे? हे टायर बघा. जाडी नव्यासारखी, पण बाजूला नखाएवढ्या भेगा आहेत. रबर म्हातारं होतं, चालवा नाहीतर ठेवा. ब्रेकचे पाइप कडक झालेले असणार. पुढचे शॉकअप दाबा, दाबून बघा, तेल येतंय का बाहेर. टाकीत आतून गंज असेल. घरापासून पन्नास किलोमीटरवर बंद पडली तर ठीक आहे. तुम्ही कुठे जाणार आहात?”

“आम्ही चौघी मैत्रिणी स्पितीला चाललोय,” जिज्ञासा म्हणाली. “जूनमध्ये.”

“स्पितीला! हिच्यावर?” आनंदांनी काळ्या गाडीकडे बोट केलं. “आणि ते आठ हजार तरी खरे कशावरून? याच दुकानात?”

“नाही नाही, अंकल,” सनीशेठ पहिल्यांदाच दुखावल्यासारखा म्हणाला. “हिचं मीटर एकदम जेन्युइन आहे.”

सनीशेठने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. जिज्ञासाने ओठ दाबून हसू आवरलं.

मग तिने काळ्या गाडीचा पुढचा भाग दोन्ही हातांनी दाबला. शॉकअपच्या दांडीवर तेलाचं एक पातळ कडं उमटलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, बोट वडिलांना दाखवलं, आणि वाळूच्या रंगाच्या गाडीकडे परत आली. आता ती आनंदांना विचारायला लागली. इंजिन कधी उघडलं होतं का? घाटात तापते का? उंचावर थंडीत सुरू व्हायला किती वेळ घेते? आनंदा प्रत्येक गोष्ट सांगत होते, हातवारे करत, खाली बसून, उठून. क्लच प्लेटा कधी बदलल्या, चेन कितव्यांदा टाकली, सगळं. वय कमी, पळणं जास्त, आणि पळताना कुणीतरी काळजी घेतलेली, अशीच गाडी घ्यावी, हे त्यांनी तिला तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. सनीशेठने दुकानातून स्वतः खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली होती.

“बैठो अंकल. आरामात सांगा.”

तेव्हा कुठे आनंदांच्या लक्षात आलं की आपण काय करतोय ते. ज्या माणसाने त्यांना फसवलं, त्याचाच माल ते जीव तोडून खपवत होते. त्यांनी खुर्चीकडे असं पाहिलं, जणू तिच्यावर कुणी थुंकलं असावं.

“मला नको तुमची खुर्ची.”

“मीटरचं खरं काय ते लिहून द्यायचं,” जिज्ञासाचे वडील सनीशेठला म्हणाले, “आणि भाव एक्क्याण्णव हजारांचा. देवळाचा नाही.”

सनीशेठने मान डोलावली. त्याला राग आलेला नव्हता, आणि त्याचाच आनंदांना सर्वांत जास्त राग आला.

“एक शंका आहे,” जिज्ञासा म्हणाली. ती गाडीवर बसून पाय जमिनीला टेकवायचा प्रयत्न करत होती. फक्त चवडे टेकत होते. “उंच आहे ही. खडीच्या रस्त्यावर थांबावं लागलं तर मला सावरेल का?”

“सावरेल की,” आनंदा म्हणाले. “बकुळाला...”

आणि ते थांबले.

“मला सावरायची,” बकुळा म्हणाली. “दोन्ही पाय टेकवायचेच नाहीत. ढुंगण जरा डावीकडे सरकवायचं आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा. स्पितीत काझाहून उतरताना यांना ताप भरला होता. ताबोपर्यंत मीच आणली. त्या ओरखड्याचा दगड माझाच.”

“तुम्ही चालवता, काकू?”

“चालवायचे. बारवी धरणाच्या रस्त्यावर शिकले.” बकुळाने काळा रंग मारलेल्या गार्डकडे पाहिलं. “यांचं मनगट गेलं, म्हणून विकली.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जिज्ञासाने एकदा तिच्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि एकदा आनंदांकडे. आनंदा गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

“मला दाखवाल?” जिज्ञासा गाडीवरून उतरली. “पुढच्या चौकापर्यंत. मी मागे बसते.”

सनीशेठने काही बोलायच्या आधीच तिने वडिलांच्या हातातलं हेल्मेट घेऊन बकुळाला दिलं. बकुळाने कापडाची पिशवी आनंदांकडे दिली, ओढणी कमरेला गच्च बांधली, पाय टाकला, आणि जरा डावीकडे सरकून बसली. गाडी पहिल्या दाबालाच सुरू झाली. एका रिक्षाला तिने पुढे जाऊ दिलं, मग रस्त्याला लागली.

आनंदा पाहत राहिले. तिने तिसरा गियर टाकला तो आवाज त्यांना इथवर ऐकू आला. त्यांनी टाकला असता त्यापेक्षा थोडा आधी. शेजारी सनीशेठ येऊन उभा राहिला होता.

“अंकल, हे तुम्ही प्रीतमला सांगितलं नव्हतं,” तो म्हणाला. “इक्यानवे हजारमें आंटीचे किती?”

आनंदांनी तोंड उघडलं. मग चौकाकडे पाहिलं, तिथे आता नुसती गर्दी होती.

“ते,” ते म्हणाले, “मी कधी मोजले नाहीत.”

आणि ते खुर्चीवर बसले.