सात नंबरची बाटली

व्हर्ना टटलने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे ईस्ट हार्लो गावातलं प्रत्येक घर तिला वळणासकट पाठ होतं. कुणाच्या दारात कुत्रं बांधलेलं असतं, कुठलं पोर मोजे विसरतं, कुणाची आई गाऊनवरच फाटकापर्यंत पळत येते, सगळं. निवृत्त झाल्यावर तिने दोन कामं अंगावर घेतली. मंगळवारी आणि शनिवारी गावच्या वाचनालयात बसायचं, आणि दर आठवड्याला खोऱ्यातल्या साप्ताहिकात लेख लिहायचा. लेखाचा सूर ठरलेला. सरकारने लोकांसाठी पैसा खर्च करावा, चांगला सढळ हाताने करावा, आणि जिथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे नियम करायला लाजू नये. अकरा वर्षं ती हे लिहीत होती. निम्मं गाव ते वाचून मान डोलवायचं आणि निम्मं गाव ते वाचून ऑरिन लाबाउंटीच्या उत्तराची वाट बघायचं.

ऑरिन शाळेत तिच्याच वर्गातला. त्याच्याकडे पस्तीस गाई आणि डोंगरउतारावर शे-दीडशे वर्षांचं घर. त्याचं पत्र पुढच्या अंकात हमखास यायचं, चार ओळींचं, आणि सुरुवात एकच: हे पैसे कुणाचे?

गेल्या नोव्हेंबरात व्हर्नाने राज्याच्या प्रयोगशाळेला पत्रांवर पत्रं पाठवून पाणी तपासायच्या वीस बाटल्या फुकट मिळवल्या. ईस्ट हार्लोत नळयोजना नाही. ज्याची त्याची बोअर, खडकात तीनतीनशे फूट खाली गेलेली, आणि शेजारच्या खोऱ्यात अशाच खडकातून पाण्यात आर्सेनिक उतरल्याचं निघालं होतं. आर्सेनिक म्हणजे सोमलच. त्याला ना रंग, ना वास, ना चव. व्हर्नाने वीसच्या वीस बाटल्या वाचनालयाच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर नंबर होता आणि सोबत एक फॉर्म. फॉर्मवर वरच नाव आणि पत्त्याची ओळ होती. व्हर्ना त्या ओळीकडे जरा वेळ बघत बसली, मग कात्री घेऊन तिने वीसही फॉर्मवरची ती पट्टी कापून टाकली. आपल्या गावाला ती ओळखून होती. निकाल नंबराप्रमाणे फळ्यावर लागेल, ज्याचा त्याने बघून घ्यावा, असं तिने लिहून ठेवलं.

ऑरिनचं पत्र आलंच. सरकारला आता माझ्या विहिरीत तोंड घालायचंय, असं त्याने लिहिलं होतं. लोक हसले.

तरी जानेवारीपर्यंत नऊ बाटल्या भरून परत आल्या. कुणी हातात आणून दिली नाही. पुस्तकं परत टाकायच्या बाहेरच्या पेटीत पुस्तकांच्या मधोमध ठेवलेल्या सापडायच्या, चोरीचा माल असावा तशा. फेब्रुवारीत निकाल आला. आठ बाटल्या ठीक होत्या. सात नंबरच्या बाटलीत आर्सेनिक मर्यादेच्या पाचपट होतं.

व्हर्नाने सात नंबरचा फॉर्म काढला. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का, या प्रश्नापुढच्या चौकोनात खूण होती. पेन्सिलीने केलेली, इतकी दाबून की कागद फाटायचा बाकी होता.

झालं, त्या दिवसापासून तिला चैन पडेना. निकाल तिने लगेच फळ्यावर लावला, सात नंबरखाली लाल रेघ मारली, हे पाणी पिऊ नका असं मोठ्या अक्षरात लिहिलं. पण फळ्यासमोर कोण कधी येऊन गेलं हे तिला कसं कळावं? ती आठवड्यातून दोनच दिवस तिथे. त्या घराने निकाल वाचलाच नसेल तर? कुणीतरी बाई रोज सकाळी नळाखाली पेला धरत असेल, पोटातल्या जिवासाठी पाणी जास्त प्यायला हवं म्हणून दोन पेले जास्त पीत असेल.

तिने बसचा जुना रस्ता डोळ्यापुढे आणला आणि घरं मोजली. लहान मुलांची चार घरं, गरोदर असलेल्या दोघी. मफिन भाजून डबा भरला आणि या ना त्या निमित्ताने सगळीकडे जाऊन आली. चौकशी आडून आडून करायची तिला मुळीच सवय नव्हती. एका घरी तिने पाण्याची चव कशी आहे असं विचारलं, तर त्या बाईला वाटलं म्हातारीला तहान लागलीय. सहापैकी तीन घरांनी सरळ आपला नंबर सांगितला, दोघांनी बाटली नेलीच नव्हती आणि एक घर झऱ्याचं पाणी वापरत होतं. सात नंबर कुणाचाच नाही. व्हर्नाला आपल्याच आठवणीचा राग आला. या गावातलं एक घर तिच्या हातून सुटत होतं आणि ते कुठलं हेच तिला समजत नव्हतं.

मार्चचा पहिला मंगळवार उजाडला. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या आमच्यासारख्या गावांचा कारभार याच दिवशी ठरतो. सगळं गाव सभागृहात जमतं, बाकांवर बसतं आणि वर्षाचा खर्च एकेक ठराव करत हात वर करून किंवा ओरडून पास करतं. ज्याला जे बोलायचं ते त्याने उभं राहून बोलावं, ठरावात बदल सुचवावा, पण बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. वर्षभर ज्याला सगळे लाईल म्हणून हाका मारतात, उधारीवर ज्याच्याकडून खिळे नेतात, तो लाईल पीझ्ली त्या दिवशी अध्यक्षमहाराज होतो. त्याची बायकोसुद्धा त्याला तसंच म्हणते, आणि हसत नाही.

चौदावा ठराव व्हर्नाचा होता. जे रहिवासी मागणी करतील त्यांच्या विहिरीचं पाणी गावाने गावाच्या खर्चाने तपासून द्यावं. लिहिताना तिने चार वेळा खोडलं होतं. प्रत्येक घर असं आधी लिहिलं, मग सक्ती म्हटली की ऑरिन आणि मागच्या बाकावरची त्याची मंडळी अंगावर येतील म्हणून 'मागणी करतील' घातलं. आपण शहाणपणाने थोडं पडतं घेतलं याचं तिला बरंही वाटलं होतं.

सभागृहाला स्वतःची विहीर नाही. दुपारच्या जेवणाच्या कॉफीचं पाणी लाबाउंटींच्या घरून यायचं, ऑरिनच्या आजोबांपासून. दुधाच्या दोन मोठ्या कॅन भरून ऑरिन स्वतः आणायचा, आणि या पाण्याच्या कॉफीची चव दुसऱ्या कुठल्या पाण्याला येत नाही असं त्याचे विरोधकही कबूल करायचे. व्हर्ना सकाळी लवकर गेली ती टेबलं मांडायला. ऑरिन मागच्या दाराने आला. त्याच्या हातात कॅन नव्हत्या. दुकानातले प्लॅस्टिकचे बुधले होते, सहा.

बायकांनी लगेच त्याला धरलं. लाबाउंटीने पाणी विकत आणलं, आता गाई दूध विकत घेणार वाटतं, असं काहीबाही. पंप गोठला, एवढंच तो म्हणाला आणि बुधले ठेवून निघून गेला.

पंप गोठत असतो जानेवारीत. गेला आठवडाभर तर बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता. व्हर्ना हातात कपांची चळत घेऊन तशीच उभी राहिली. तेवढ्यात ऑरिनची मुलगी कॉरिन आत आली. ती नाताळात बॉस्टनहून परत आली होती, ती कायमची असं लोक म्हणत होते, आणि कधीही दिसली तरी जाडजूड कोटातच दिसायची. आज सभागृहात शेगडी पेटली होती. कॉरिनने कोट काढून खुंटीला अडकवला, तेव्हा व्हर्नाला तिचं पोट दिसलं. सहा महिने तरी असतील.

व्हर्नाने कप खाली ठेवले. पहिल्यांदा तिला नुसतं हायसं वाटलं आणि ती बाकावर टेकली. म्हणजे त्यांनी फळा वाचला होता. पोरगी ते पाणी पीत नव्हती. मग तिला आठवलं की बसच्या रस्त्यावर ऑरिनचं घर तिने मोजलंच नव्हतं, कारण तो ऑरिन होता. आणि मग तिच्या लक्षात आलं की चौदावा ठराव जिंकायला लागेल ते सगळं आता तिच्या हातात आहे. उभं राहायचं आणि सांगायचं, तुमच्या कॉफीला आज चव का नाही ते मी सांगते. अकरा वर्षांचं सगळं उत्तर एका वाक्यात निघालं असतं. मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगला घसघशीत मोह झाला.

जेवण झालं. कॉफी खरंच बेचव होती. दोनच्या सुमारास चौदावा ठराव आला. व्हर्ना उभी राहिली आणि तिने जे बोलायचं ठरवलं होतं तेवढंच बोलली. एका विहिरीत आर्सेनिक निघालंय, कुणाच्या ते मला विचारू नका, पण तोच खडक सगळ्यांच्या पायाखाली आहे. ऑरिनकडे तिने बघितलं नाही.

मागचं बाक सरकल्याचा आवाज झाला. ऑरिन उभा राहिला. दोघातिघांनी त्याच्याआधीच त्याचं वाक्य पुटपुटलं, हे पैसे कुणाचे, आणि हशा पिकला. ऑरिन हसू संपेपर्यंत थांबला.

"अध्यक्षमहाराज, ठराव चुकीचा लिहिलाय," तो म्हणाला. "मागणी करतील म्हणे. या गावात मागणी कोण करतं? माझा बाप तुटलेल्या पायाने चार दिवस धारा काढत होता, पण शेजाऱ्याला हाक मारली नाही. आपण सगळे त्याच मातीचे. बाटल्या वीस होत्या, भरून आल्या नऊ, त्याही लपवून टाकलेल्या. मागावं लागलं तर कुणी मागणार नाही, आणि हे पैसे तिजोरीत पडून राहतील."



"तो शब्द काढा," ऑरिन म्हणाला. "गावाने प्रत्येक घरी जावं आणि पाणी घ्यावं. ज्याला नको असेल त्याने येऊन नको म्हणावं. नको म्हणायला इथे कुणालाही लाज वाटत नाही."

एका गावपंचाने उठून सांगितलं की असं केलं तर खर्च तिप्पट होईल. ऑरिनने त्याच्याकडे बघितलं.

"होईल," तो म्हणाला आणि खाली बसला.

व्हर्नाला रडू येईल असं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. कात्रीने नावाची पट्टी कापताना तिला हेच कळलं होतं. ठराव लिहिताना मात्र ती ते विसरली, कारण लिहिताना तिच्या डोळ्यापुढे ऑरिनचं उत्तर होतं, ऑरिन नव्हता.

अध्यक्षमहाराजांनी बदलावर मत घेतलं. होय आणि नाही दोन्हीकडून सारखाच आवाज आला, तेव्हा त्यांनी होय म्हणणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं. व्हर्ना उभी राहिली, वाचनालयवाले, शाळावाले उभे राहिले. एवढ्याने काही होणार नव्हतं. मग ऑरिन गुडघ्यावर हात टेकून उठला, आयुष्यात पहिल्यांदा खर्चाच्या बाजूने, आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. कॉरिन पोटावर हात ठेवून त्याच्या शेजारी उभी राहिली. मागच्या बाकावरची त्याची मंडळी एकमेकांकडे बघत बसली होती. मग त्यातला एक उठला. मग तिघं. लाईलने मोजायचं सोडून दिलं.

सभा संपल्यावर व्हर्ना कप विसळत होती. ऑरिन आपले बुधले गोळा करायला आला. तिला शंभर प्रश्न विचारायचे होते. पोरीची तपासणी झाली का, डॉक्टर काय म्हणाले, ती बाटली पेटीत टाकायला तो रात्री आला होता की पहाटे. तिने एकही विचारला नाही. त्यानेच तोंड उघडलं.

"डॉक्टर म्हणतात वेळेत थांबलो. जास्त काही होणार नाही, बहुतेक."

"बरं झालं," व्हर्ना म्हणाली.

त्याने बुधले काखेत धरले. दाराशी जाऊन तो वळला. व्हर्नाचं घर त्याच्याच उतारावर, खाली अर्ध्या मैलावर होतं.

"तुझी कितवी बाटली होती, व्हर्ना?"

व्हर्नाने हातातला कप बघितला, आतून, बाहेरून. अकरा वर्षं लेख, पत्रांवर पत्रं, सहा घरी मफिन. वीस बाटल्या तिने लोकांसाठी मांडल्या होत्या, आणि अकरा अजून टेबलावर तशाच होत्या.

"मी घेतलीच नाही," ती म्हणाली.

ऑरिन हसला नाही. उलट तो परत आत आला, काखेतल्या बुधल्यांतला एक अजून भरलेला होता तो त्याने तिच्यापुढे टेबलावर ठेवला, आणि उद्या सकाळी वाचनालय बंद असलं तरी किल्ली घेऊन ये, असं सांगून तो निघून गेला.