साखळीचा प्रवेश

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येणार नाही, आणि ही हकिकत ओरडून सांगण्यातली नाही. गाण्याची आहे, माराची आहे, एका बाईच्या श्वासाची आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडली, म्हणून सांगायचा हक्क माझा आणि ओझंही माझंच.

झूटरमेरला, म्हणजे डच मुलखातल्या आमच्या गावात, आमच्या वरच्या मजल्यावर हरीश राहतो. गुरुवारपर्यंत झुइडास या बँकांच्या वस्तीतल्या एका बँकेत आयटीचं काम, शुक्रवारपासून हार्पसिकॉर्ड. म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य, पट्टी दाबली की आत तार छेडली जाते. मूळचा सांगलीचा. आई शैलाताई कीर्तनकार, आणि त्यांच्या पेटीच्या साथीला लहानपणापासून हाच. त्या घरची एक रीत होती. कीर्तन करणाऱ्याचा श्वास तुटला तर तो पेटीने झाकायचा. ठसका लागो, शब्द विसरो, पेटीवाल्याने अशी जागा भरून काढायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ताई मुद्दामच थांबल्या. शैलाताईंना दमा. तीस वर्षं त्यांचा दमा गावाला कळला नाही, तो या रीतीमुळे.

हार्पसिकॉर्डच्या जुन्या जर्मन संगीतातही साथीदाराला खालचा सूर आणि वर चार आकडे एवढंच लिहून दिलेलं असतं. बाकीचं गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून स्वतः भरायचं. हरीश म्हणायचा, "काकू, हे मला कुणी शिकवलंच नाही. घरातूनच आलं."

तर डेल्फ्ट गावच्या एका संगीत मंडळीने तसला एक ऑपेरा उकरून काढला. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी एकदाच झालेला, मग कागद पेटाऱ्यात. कथा अशी की राजा मेला आणि धाकट्या भावाने गादी बळकावली. राणीच्या दोन मुलांना तिच्यादेखत मारलं. तिसरं कुठे लपवलंस ते सांग म्हणून तो तिच्या गळ्याला साखळी आवळतो, आणि ती सांगत नाही. तुटक्या शब्दांत गात मरते.

राणीचं काम फेम्केकडे होतं. उत्तरेकडच्या फ्रीसलंडची उंच पोरगी, गळा असा की मी मनातल्या मनात तिला कितीदा आमच्या गणपतीत उभी केली असेल. दुष्ट दिराचं काम रुबेनकडे. आणि ऑपेरा बसवणारा वाउटर. त्याचा हट्ट होता की वाद्यं त्या काळची, तर मारही त्या काळचा. रबराची साखळी त्याने फेकून दिली आणि लोखंडी आणली.

रुबेनला ते फार मानवलं. तालमीत थोबाडीत मारायचा ती खरी. फेम्केच्या दंडावर बोटं उमटलेली हरीशने पाहिली, दोन दिवसांनी गळ्यावर वळ पाहिला. तो वाउटरकडे गेला.

वाउटर म्हणाला, "राणीचा खून चाललाय, हरीश. मालिश नाही."

"तिला लागतंय."

"मग लागल्यासारखं ऐकू येईल. आपल्याला तेच हवंय ना?"

हरीशने फेम्केला विचारलं, तर ती उलट त्यालाच म्हणाली, "वाउटरचं मी बघते. तू एकच कर. मी अडले तरी वाजवायचा थांबू नकोस. तू थांबलास की मी तिथे एकटी पडते."

"आमच्या घरात कुणी थांबत नाही," हा म्हणाला.

तिने खरंच बघितलं. मंडळीच्या समितीसमोर जाऊन वळ दाखवले. प्रयोगाच्या दिवशी सकाळी रुबेनला सांगण्यात आलं, आजचा प्रयोग कर, पुढच्यापासून दुसरा माणूस येईल. हे आम्हाला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तर मी तिकिटं फाडून टाकली असती.

रविवार दुपारचा प्रयोग, एका जुन्या चर्चमध्ये. शैलाताई तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या, मीच त्यांना घेऊन गेले. तिसरी रांग. व्हायोलिनवाले तारा जुळवत होते.

"या तारा कसल्या हो?" शैलाताईंनी विचारलं.

"आतड्याच्या. मेंढीच्या."

"तरीच अशा कळवळतात," त्या म्हणाल्या, आणि पदर घेऊन कीर्तनाला बसावं तशा बसल्या.

पहिल्या मुलाला पायऱ्यांवर आपटलं, दुसऱ्याला पिंपात बुडवलं. खोटंच ते, बाहुल्या होत्या; पण कातड्याचे नगारे असे वाजले की माझ्या बरगड्यांत उमटले. मग रुबेनने फेम्केला मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तिचा ओठ फुटला आणि पांढऱ्या झग्यावर रक्त ओघळलं. लोक पुढे झुकले. माझ्या शेजारचे डच आजोबा हळूच म्हणाले, काय अभिनय आहे. मीही मान डोलावली. देव मला क्षमा करो.

साखळीचा प्रवेश आला. इथे बाकीची वाद्यं गप्प होतात. राहतात एक गायिका आणि हरीशचा हार्पसिकॉर्ड. रुबेनने दोन वेढे दिले, गुडघा तिच्या पाठीत रोवला आणि ओढलं. फेम्के गायली, थांबली. हरीशने जागा भरली. पुन्हा दोन शब्द आले, पुन्हा थांबली. त्याने अशी सुरेख लकेर घेतली की सभागृह निःश्वास टाकून गेलं. मग शब्द एकच आला. हरीशने त्याभोवती झरझर सूर ओतले. मग शब्दच आला नाही, तर त्याने त्याचीही कविता केली. तिचे पाय फळीवर घासत होते, टाच आपटत होती. ती टाचही त्याने तालात घेतली.

शैलाताईंनी माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"अहो, तो झाकतोय."

"काय?"

"तिला श्वास नाहीये. हा झाकतोय."

आणि त्या उठून उभ्या राहिल्या. साडीतली एवढीशी बाई, पण नारदाच्या गादीवरून मागच्या रांगेला पोचवायचा आवाज तो.

"हरी, हात काढ."

लेकाने आयुष्यात ही आज्ञा ऐकली नव्हती. तरी त्याचे हात उचलले गेले.

सूर थांबले आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. लोखंडाची करकर, आणि तिच्या गळ्यातून ओल्या गोणपाटासारखा ओढला जाणारा आवाज. एवढा वेळ तो तिथेच होता. आम्ही त्याला दाद देत होतो.

हरीशने वाद्याच्या झाकणाची टेकूची काठी उपसली. झाकण तोफेसारखं आदळलं. तो रंगमंचावर चढला आणि काठी रुबेनच्या कोपरावर हाणली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. रुबेनने साखळी सोडली नाही, दुसऱ्या हाताने फिरवून तिचं टोक हरीशच्या उजव्या हातावर मारलं. बोटं ठेचली. तरी हा त्याला झोंबलाच. दोघे पडले, रुबेनने त्याच्या कानाचा चावा घेतला, मग नगारेवाला आणि दोघे व्हायोलिनवाले रुबेनवर जाऊन पडले आणि त्यांनी त्याला बुकलून काढलं. शेवटच्या रांगेत तेव्हाही कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

फेम्के जगली. स्वरयंत्राची कूर्चा फुटली होती, दोन ऑपरेशनं झाली. बोलणं परत आलं, कुजबुजीइतकं. गाणं आलं नाही. रुबेन तुरुंगात आहे. वाउटर म्हणतो, त्याला कल्पना नव्हती.

दोन महिन्यांनी ती हरीशच्या घरी आली. हा हात प्लास्टरमध्ये घेऊन सोफ्यावर. म्हणाला, "मी मदत करत होतो. तुला मारायला मदत." तिने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत दिली, अशी की भिंतीवरचं घड्याळ हललं असावं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. शैलाताई म्हणाल्या, "बरोबर केलंस, बाळ." मराठीतच. फेम्के त्यांच्या शेजारी खाली बसली आणि आवाज न करता रडली. आवाज उरलाच नव्हता.

त्यानंतर शैलाताईंनी घरची रीत मोडली. परवा सांगलीहून फोन होता. आता कीर्तनात दम लागला की त्या पेटीवाल्याला हात वर करायला लावतात आणि सगळ्यांसमोर धापा टाकत उभ्या राहतात. लोक चुळबुळतात. "चुळबुळू देत," त्या म्हणाल्या. "चार घोट हवेचे ऐकले तर कुणाचा देव बाटत नाही."

एवढंच सांगायचं होतं. आज घरी जाऊन देवापुढे बसाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांत एक नाव माझ्यासाठी घ्या. फेम्के. तुम्हाला नीट उच्चारता आलं नाही तरी चालेल.