निम्म्याच्या वर

प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हे सल्लागारबाई दहापैकी आकड्यात सांगत. एकदाच सांगत, समोर बसवून, आणि उमेदवाराबरोबर घरचं एक माणूस असेल तरच. एकटा आलेला उमेदवार जिना उतरेपर्यंत तिनाचे पाच करतो आणि घरी पोचेपर्यंत सात, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. मग निकालाच्या दिवशी घरचे फोन करून ओरडत.

त्या बरीच वर्षं एका बिझनेस स्कूलच्या प्रवेश समितीवर होत्या. आता चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत बसत. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, एक पांढरा फळा आणि कधीच पूर्ण बंद न होणारी खिडकी. उमेदवार पाठीमागे त्यांना ‘कात्री’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची तक्रार नव्हती.

त्या दिवशी दुपारी यायची होती ती उमेदवार फर्निचरच्या कारखान्यात तक्रार विभाग सांभाळणारी. वय तेहतीस. प्रवेश परीक्षेतले गुण चांगले, कॉलेज साधारण, नोकरी एकाच ठिकाणी. इथवर सगळं ठीक होतं. अडचण निबंधांत होती. पलंगांची खेप सदोष निघाली, ती हिची चूक. दवाखान्याच्या खुर्च्या उशिरा पोचल्या, तीही हिचीच. वाचता वाचता वाटावं की या बाईने कारखाना बुडवायचा बाकी ठेवलाय. बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोनाचा आकडा लिहिला. पेन्सिलीने, कारण सराव मुलाखत व्हायची होती. पण आजवर असा आकडा फारसा हललेला नव्हता.

बहीणभाऊ वेळेवर आले. बहीण आत आली ती “माफ करा, दार जरा जोरात लागलं” म्हणत. दार भावाने लावलं होतं.

“हा माझा दादा. दुसऱ्या गावी ड्रायव्हिंग शिकवतो.”

“म्हणजे आपला धंदा एकच म्हणायचा मॅडम,” दादा खुर्ची ओढून बसला. “माझ्याकडेही लोक विचारतात, पास होईन ना? मी क्लच सोडताना पाहतो आणि सांगतो.”

“खरं सांगता?”

“फी आधी घेतो आणि खरं सांगतो.”

“दादा!” बहीण म्हणाली. “माफ करा हं, त्याला सवयच आहे.”

बाईंनी विचारलं, आकडा ऐकून काय ठरवायचंय? या प्रश्नाला बहुतेक घरी उत्तर नसतं. या घरी होतं, आणि ते भावाने दिलं.

त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी पडले होते. खुब्याचं हाड जुळलं, पण एकट्याने राहणं संपलं. तेव्हापासून ते मुलीकडे होते. तिला प्रवेश मिळाला तर दोन वर्षं भावाने त्यांना न्यायचं, असं बोलणं झालं होतं. पण भाऊ राहायचा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागेच तळमजल्यावरचं एक घर रिकामं होत होतं. दोन शिकवण्यांच्या मधे डोकावून येता आलं असतं. घरमालक मात्र निकालापर्यंत थांबायला तयार नव्हता. त्याला उत्तर आज हवं होतं.

“मी हिला सांगितलंय,” दादा म्हणाला. “निम्म्याच्या वर शक्यता असेल तर घर घेतो, बाबांना आणतो. खाली असेल तर उगाच सगळ्यांनी उचलाउचली कशाला? ही इथेच राहील, बाबा इथेच राहतील. बरोबर ना, चिमे?”

“बरोबर,” चिमी म्हणाली.

“आणि वडिलांचं म्हणणं?” बाईंनी विचारलं.

“बाबा म्हणतात, मला कपाटासारखं इकडून तिकडे हलवताय, निदान स्क्रू तरी घट्ट लावा.”

बाई हसल्या नाहीत, पण पेन्सिल खाली ठेवली. मग नियम सांगितला. सराव मुलाखत चालू असताना घरच्या माणसाने भिंतीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. दादाने तोंडावर बोट ठेवून दाखवलं आणि भिंतीजवळ जाऊन बसला.

पहिले प्रश्न सरळ गेले. काम काय करता, हाताखाली किती माणसं, दिवस कसा जातो. उत्तरं नेमकी होती, आवाज शांत. चिडलेल्या माणसाला तो आवाज ऐकून बरं वाटेल, असं बाईंच्या मनात आलं.

“आता एखादं अपयश सांगा.”

चिमीने हात मांडीवर जुळवले. “दोन वर्षांपूर्वी आमच्या पलंगांची एक खेप सदोष निघाली. पायांचे बोल्ट आखूड होते. पलंग खचायला लागले. एका आजोबांच्या हाताला लागलं. ती माझी चूक होती. मी आधीच लक्ष द्यायला हवं होतं.”

भिंतीकडून धप्प असा आवाज आला. दादाने उजवा पाय जमिनीवर दाबला होता. शिकवायच्या गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस चुकला की पाय आपोआप तिथे जातो. इथे ब्रेक नव्हता, नुसती फरशी होती.

“आणखी एखादं?” बाईंनी तिकडे न बघता विचारलं.

“दवाखान्याची खुर्च्यांची ऑर्डर उशिरा गेली. तीसुद्धा माझीच...”

धप्प.

“मॅडम, मला बोलायची बंदी आहे ते ठाऊक आहे,” दादा म्हणाला, “पण ही समोरच्या ट्रकवर गाडी घालतेय. चिमे, ते पलंग भरले गेले तेव्हा तू होतीस कुठे? माझ्याकडे! माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा. पंधरवडाभर मला पेज पाजत बसली होतीस.”

“पण तक्रारी माझ्याकडे आल्या ना.”

“तक्रारी तुझ्याकडेच येणार. खात्याचं नावच तक्रार आहे!”

नियम मोडल्याबद्दल एरवी बाईंनी मुलाखत थांबवली असती. त्यांनी भावाला हाताने गप्प केलं आणि बहिणीकडे वळल्या. “बोल्ट कोणी निवडले?”

“खरेदी विभागाने. स्वस्त मिळाले म्हणून.”

“तुम्हाला विचारलं होतं?”

“छे. मला कशाला विचारतील?”

“मग तुमची चूक कुठे आली?”

चिमीने प्रश्न नीट ऐकून घेतला. “आमच्याकडे पहिला धडाच तो असतो. ग्राहकासमोर चूक कोणाची यावर बोलायचं नाही. आपली म्हणायची, माफी मागायची आणि कामाला लागायचं. नाहीतर माणूस अर्धा तास नुसता भांडतो आणि पलंग मोडलेलाच राहतो.”

“किती वर्षं करताय हे?”

“नऊ.”

बाईंना आता निबंध कळले. खोटं कुठेच लिहिलेलं नव्हतं, फार नम्रपणाही नव्हता. हिला अपयश विचारलं, म्हणून हिने नऊ वर्षं ज्या वाक्याने दिवस सुरू केला तेच वाक्य लिहून दिलं. समितीवर असताना आपल्यासमोर असा अर्ज आला असता तर आपण काय केलं असतं, हेही त्यांना माहीत होतं. बाजूला ठेवला असता. त्यासाठी दोन मिनिटंही लागली नसती.

“समिती तुमची ग्राहक नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा सांगा. माफी न मागता.”

“हो. माफ करा. म्हणजे... पलंगांच्या खेपेत बोल्ट आखूड होते. आमच्याकडून...”

“तुमच्याकडून नाही.”

“सॉरी.”

भिंतीजवळ दादाने कपाळावर हात मारला.

आणखी दोनदा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा वाक्य त्याच खड्ड्यात गेलं. तेव्हा बाई उठल्या, आपली खुर्ची सोडून पलीकडे आल्या आणि चिमीला म्हणाल्या, “तिकडे जाऊन बसा, माझ्या जागेवर. आज तुम्ही ग्राहक. मी तक्रार घेते. बोला, काय तक्रार आहे?”

चिमी उठून तिकडे बसली. खिडकीच्या फटीतून खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत असल्याचा आवाज येत राहिला.

“माझी तक्रार आहे,” ती अखेर म्हणाली, “की बोल्ट आखूड आहेत हे मी शोधलं. तीन तक्रारी आल्या तेव्हाच. तिन्ही खोके एकाच पाळीत भरलेले होते. मी बाकीच्या सगळ्या घरी फोन केले. त्यांचे पलंग अजून मोडलेही नव्हते. गादी खाली घालून झोपा म्हटलं. शिव्या खाल्ल्या. आजोबांच्या घरी फोन लागला नाही, तेवढंच राहिलं.”

“पुढे?”

“पुढे मी साहेबांना म्हटलं, नवीन सामान घ्यायच्या आधी आमच्यातलं एक माणूस बैठकीला बसवा. काय मोडतं ते आम्हाला आधी कळतं. ते म्हणाले, बाई, तुमचं काम लोकांना शांत करायचं, खरेदी हा तुमचा विषय नाही. मला तो विषय माझा करायचाय. म्हणून मला शिकायचंय.” ती थांबली. “निबंधात मी नेतृत्वगुण वगैरे लिहिलं. नमुन्याच्या निबंधांत तसं होतं.”

“झाली तक्रार?”

“नाही.” तिचा आवाज तोच होता, फोनवर असतो तसा. “दुसरी तक्रार दादाबद्दल आहे. बाबा पडले तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, माझं लक्ष नव्हतं. कोणीच म्हणालं नाही की तू एकटी कुठे कुठे बघणार. दादाही नाही. आणि आता तो म्हणतो, निम्म्याच्या वर असेल तरच. माझ्याकडे बाबा आले तेव्हा मी कोणाला आकडा विचारला नव्हता.”

दादाचा पाय हलला नाही. तो खाली बघत होता.

बाई पुन्हा आपल्या जागेवर आल्या. चिमी उठताना खुर्चीची पाठ सरळ करून गेली. बाईंनी कागद पुढे ओढला, दोनाचा आकडा खोडला. अशा वेळी मोह होतो. समोरची दोन माणसं एका आकड्याची वाट बघतात आणि तो आकडा आपल्या हातात असतो. सहा म्हटलं तर आजच घर ठरलं असतं. पण सहा नव्हते. वय थोडं जास्त, कॉलेज कोणाच्या कानावर न पडलेलं, आणि समितीसमोर असे पुष्कळ लोक येतात ज्यांनी आपापल्या जागी चोख काम केलेलं असतं.

“निबंध पूर्ण नव्याने लिहायचे. आत्ता सांगितलंत तसे, घरचा भाग सोडून. मुलाखतीचा सराव रोज करायचा. हे सगळं केलं तर दहापैकी चार.”



“पाच नाही होणार?” दादाने विचारलं.

“इथे घासाघीस होत नाही.”

“साडेचार?”

“तुमच्याकडचा कोणी चारवर असेल तर काय सांगता?”

“सांगतो, आणखी सराव कर.” त्याने मान खाजवली. “आणि परीक्षेला बस, असंही सांगतो. बसल्याशिवाय कोण पास झालंय?”

चिमी त्याच्याकडे वळली. “माफ...” एवढा शब्द बाहेर आला आणि तिने तो तिथेच सोडला. परत सुरुवात केली. “दादा, चार आहेत. निम्म्याच्या खाली. मला चारवर अर्ज करायचाय. नाही मिळाला तर बाबा तुझ्याकडे सुखाने राहतील, मी येऊन-जाऊन असेन. पण तू घर घे.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर मी रागावेन. खूप.”

दादाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “तुला येतं रागावता?”

“आत्ताच शिकलेय. मॅडमनी शिकवलं.”

तो उठला. फोन काढला आणि बाहेर जिन्यावर गेला. दार या वेळी हळू लावलं, पण ते नीट लागलं नाही, त्यामुळे त्याचं बोलणं आत ऐकू येत होतं. हो, घर घेतो. हो, आजच. मग पलीकडचा आवाज चढला असावा, कारण दादा मधे मधे नुसतं “ऐकून घ्या” म्हणू लागला.

चिमी खुर्चीतून अर्धी उठली. हात पुढे झाला होता, फोन घ्यायला. असे फोन नऊ वर्षं तिच्याच हातात येत होते.

“बसा,” बाई म्हणाल्या. “तो तुमचा फोन नाही.”

ती बसली. बाहेर दादा सांगत होता, “अहो, उशीर झाला तो माझ्यामुळे. तिचा काही संबंध नाही. मी तर दोन वर्षांपूर्वीच घर बघायला हवं होतं. बरं ते जाऊ द्या, मला सांगा, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का? नाही? मग तो बसवावा लागेल. आणि बोल्ट चांगले लांब घाला.”

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात चाराचा आकडा लिहिला. मग तिच्याकडे एक कोरा कागद सरकवला.

“पहिलं वाक्य आत्ताच लिहा,” त्या म्हणाल्या. “कोणी काय केलं, तेवढंच.”