कपाटातून ऐकलेली दुपार

दुपारी तीन वाजता कपाटाचे दार बंद झाले, तेव्हा मी आत होतो. पाठीला दोन रजया, डोक्यावर उशी आणि तोंडापुढे मायक्रोफोन.

मित्रांनो, मी एक जुना गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज जेमतेम असतो. तारांची कुजबुज ती माझ्याकडे पाठवते आणि मी ती चारचौघांत बोलून दाखवतो. एका लहानशा कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर मी तयार झालो. चष्मा कपाळावर चढवलेल्या एका बाईंनी माझ्या जोडांना कथलाचे डाग दिले आणि पोटात काचेचे व्हॉल्व्ह बसवले. ते तापून लालसर झाले की मला कंठ फुटतो.

उमेदीच्या काळात एका वाद्यवृंदाबरोबर मी सभागृहे गाजवली. "काय गळा आहे या डब्याला!" असे लोक म्हणत. पुढे वाद्यवृंद फुटला आणि मी एका जिन्याखाली गेलो. कोणीतरी माझ्यावर कुंडी ठेवली. पाणी घालणाऱ्याचा हात सढळ असावा, कारण माझ्या डोक्यावरचा गोल डाग अजून गेलेला नाही. तिथून मला उचलून आणले ते आताच्या मालकिणीने.

ती मामाच्या घरी राहते. मामा ऑर्डरप्रमाणे केक करतो. तिसऱ्या खोलीत गेल्याच आठवड्यात एक नर्सताई राहायला आल्या आहेत. तीन माणसांच्या घरात माझे गाणे म्हणजे अडचणच. हळू वाजवले तर मी सर्दी झाल्यासारखा बोलतो आणि मोकळा सुटलो तर शेजारी भिंत बडवतात. म्हणून मी कपाटात असतो. ती मात्र आपल्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून बसते. तिच्या गिटारची वायर दाराखालून माझ्यापर्यंत येते.

शिवाय घरातला फ्रीज माझा वैरी. तो सुरू झाला की माझ्या आवाजात 'टक्' असा खडा पडतो. म्हणून रेकॉर्डिंगपुरता फ्रीज बंद करायचा, हे ठरलेले. तो तसाच राहू नये म्हणून ती आपली दाराची किल्ली फ्रीजमधल्या बर्फाच्या खणात ठेवते. किल्ली घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, म्हणजे फ्रीजची आठवण राहणारच. जो फ्रीज सुरू करील त्याने किल्ली खुंटीवर लावायची. किल्ली खुंटीवर म्हणजे फ्रीज चालू, एवढे साधे.

आज सकाळी मामा तिला म्हणाला होता, "फ्रीजमध्ये तीन मजली क्रीमचा केक आहे. संध्याकाळी सहाला न्यायला येणार आहेत. तासभर देतो, जास्त नाही."

"मामा, जिच्या गाण्यासाठी मी गिटार वाजवतेय, त्या गायिकेला आजच ऐकवायचंय. कॉम्प्युटरवर बनवलेला गिटारचा आवाज तिला बेचव वाटला."

"ऐकव की! पण माझा केक बसला, तर तुझा हा डबा पुन्हा जिन्याखाली. मग रडायचं नाही."

दुपारी तो खोकी आणायला बाहेर पडला, तिने फ्रीज बंद करून किल्ली बर्फात ठेवली आणि आम्ही सुरुवात केली.

पहिल्या वेळी तिचा हात अडखळला. दुसऱ्या वेळी मी खरखरलो. ती थांबून तार जुळवत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज आला. नर्सताई ड्यूटीवर निघाल्या होत्या आणि पाण्याची बाटली आणि थोडा बर्फ घेत होत्या. फ्रीजमधला दिवा कधीचाच गेलेला, त्यामुळे तो बंद असल्याचे त्यांना कळले नाही, आणि किल्लीचा नियम त्यांना कोणी सांगितलेला नव्हता.

"अगं बाई! किल्ली बर्फात?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "ए कलाकार, डोकं ठिकाणावर आहे ना? खुंटीला लावते गं, शोधत बसशील!"

हेडफोनमुळे तिला काहीच ऐकू गेले नाही. किल्ली खुंटीवर वाजली, बाहेरचे दार लागले.

तिसऱ्या वेळी मात्र आमचे जमले. तिने तार ओढली आणि मी पोटापासून बोललो. रजयांच्या आत कपाटाच्या फळ्या थरथरल्या. सभागृहानंतर इतका मोकळा मी प्रथमच झालो.

"हाच! हाच आवाज!" ती ओरडत बाहेर आली. खुंटीकडे पाहून म्हणाली, "मामा येऊन गेला वाटतं. बरं झालं, फ्रीजही लावला." किल्ली उचलून ती गायिकेकडे पळाली. घाईत मला बंद करायचेही राहिले.

तेव्हापासून मी चालूच आहे, मित्रांनो. म्हणूनच तर मला ठाऊक आहे की फ्रीज सुरू झालेला नाही. झाला असता तर 'टक्' माझ्याच पोटात वाजले असते. ज्या खड्याला जन्मभर शिव्या दिल्या, त्याचीच आता वाट पाहतो आहे. घरातला सर्वांत मोठा आवाज माझा, पण गिटारवर कोणाचा हात पडल्याशिवाय मला अक्षर बोलता येत नाही. पाठीमागच्या रजया तापल्या आहेत. क्रीमचे काय झाले असेल, ते मला दिसत नाही.

तुम्हांला एकच विनंती. आमच्या पाठीला हवा लागू द्या, आणि जे बंद कराल ते आपल्या हाताने सुरू करून, आपल्या डोळ्यांनी पाहून मगच बाहेर पडा. खुंटीवर भरवसा ठेवू नका.

आत्ता जिन्यावर मामाची पावले वाजत आहेत. त्याच्यामागे आणखी कोणीतरी बोलते आहे. बहुधा केक न्यायला आलेली माणसे. कुलपात किल्ली फिरली.

'टक्' अजून आलेले नाही.