कटरचं तेल

आमच्या भागात पेट्रोललाही तेलच म्हणतात. मोटारसायकलीत तेल टाकायचं, पंपावरून तेल आणायचं, वाटेत गाडी बंद पडली की तेल संपलं. डोक्याला लावायचं तेही तेल आणि भाजीला फोडणी द्यायची तेही तेल. आजवर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता कुणी नुसतं तेल म्हटलं की माझं डोकं फिरतं.

माझ्याकडे एक कटर आहे, म्हणजे झाडं कापायची मशीन. शेळ्यांना पाला पाडायला म्हणून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मल्हारनी, ती घेतली. पण मालक दिवसभर मेंढरांमागं, त्यामुळे मशीनवर माझाच हात बसला. हळूहळू आमच्या ताडकळसच्या आसपास कुणाची बाभूळ आडवी झाली की लोक मला बोलवायला लागले. बाई कटर चालवते म्हणून बघायला यायचे आणि काम बघून गप्प व्हायचे. त्यांचं ते गप्प होणं मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कटरला नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात टू-टी ऑइल कालवून द्यावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो. मी ते पांढऱ्या कॅनमध्ये कालवून, हलवून ठेवते. आमच्या घरात कटरचं तेल म्हणजे त्या कॅनमधलं.

माझे दीर शिवशंकर यांना मात्र काही सांगायची सोय नाही, कारण त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. मी माहेरी पोखर्णीला गेले होते तेव्हा त्यांनी कटर वापरायला नेली. मी परत आले तर मशीन कोपऱ्यात, टाकी भरलेली आणि गावातल्या किशनरावांचा निरोप आलेला: लिंबाची मोठी फांदी गोठ्याच्या पत्र्यावर पडलीय, लवकर या. निघताना मी विचारलं,

"भाऊजी, कटरमधी तेल टाकलंय का?"

"टाकलंय की वैनी. गच्च भरून टाकलंय."

मी विचारलं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

किशनरावांच्या गोठ्यापाशी नेहमीसारखी माणसं जमली. कटर सुरू झाली, पण आवाज रोजचा नव्हता, चिरका होता. बंद करून बघावं असं मनात आलं तोवर ती लाकडातच थांबली. चालू करायची दोरी ओढली तर ती जागची हलेना.

"मी म्हनलंच व्हतं," किशनराव म्हणाले. "मशीनला बाईमानसाचा हात सोसत न्हाई."

शिवशंकर भाऊजी तिथंच उभे होते. त्यांनी मान डोलावली. एवढे दिवस मी जेवढी झाडं कापली ती सगळी जणू वाऱ्यानं कापली होती.

संध्याकाळी मेंढरं कोंडून मालक घरी आले, तेव्हा त्यांना बाहेरच सगळं कळलेलं होतं. "दुरुस्त झाली की मशीन शिवशंकरकडंच राहू दे," ते म्हणाले. "लोकं नावं ठेवायलेत. कटकट नको." मशीन माझी, काम माझं, आणि कटकटही मीच.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या मोटारसायकलीवर मागं बसून, कटरचं पोतं मांडीवर घेऊन मी परभणीला गेले. मेकॅनिकनं मला सोडून भाऊजींना विचारलं, "चालवतंय कोन?"

"वैनी."

"मंग बराबर हाय. बायका रेस लय देतात."

मी समोरच उभी होते. मेकॅनिकनं मशीन खोलली. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. त्यानं बोट फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ऑइलचा थेंब न्हाई ह्याच्यात. कोरडं पेट्रोल टाकलंय कुनीतरी."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी भाऊजींकडं बघितलं.

"मी तर तेल टाकलं व्हतं," भाऊजी म्हणाले. "कॅन रिकामी झाली, मंग गाडीतलं काढून टाकलं. तेलच की ते."

मला वाटलं, आता हा मेकॅनिक गडीमाणसाच्या हाताबद्दल काहीतरी बोलेल. बोलायलाच पाहिजे होतं. त्यानं फडक्याला हात पुसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "व्हतं असं. तुमची काय चूक न्हाई. आजकाल पेट्रोलच पहिल्यासारखं राह्यलं न्हाई. इथेनॉल मिसळायलेत, मशिनी खराब व्हायल्यात."

भाऊजींच्या जिवात जीव आला. दोघं चहा पीत पेट्रोलला शिव्या देत बसले. माझं डोकं तापलं. आताचं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं आणि बारक्या इंजिनाला ते बाधतं, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर काम झालं की मी टाकी रिकामी करून ठेवते. पण मीही त्याच पंपावरचं पेट्रोल वापरत आले होते. दोष माझ्यावर होता तोवर हात वाईट होता, भाऊजींवर आला तसं पेट्रोल वाईट झालं.

नवा पिस्टन घालून आम्ही परतलो तेव्हा किशनरावांची फांदी पत्र्यावर तशीच पडून होती. भाऊजींनी तिथं जमलेल्यांना आधीच सांगून टाकलं, पेट्रोल खराब निघालं म्हणून. सगळ्यांना ते लगेच पटलं. मालकही त्यांच्यातच उभे होते.

मी भाऊजींच्या गाडीतलंच पेट्रोल कॅनमध्ये काढून घेतलं, सगळ्यांच्या देखत त्यात ऑइल ओतलं, हलवलं, टाकी भरली आणि दोरी ओढली. कटरचा आवाज रोजचा होता. फांदीचे तुकडे करून, पत्रा मोकळा करूनच मी मशीन बंद केली.

किशनरावांनी वर पत्र्याकडं बघितलं. "आज पेट्रोल चांगलं आलंय वाटतं," ते म्हणाले.

भाऊजी हसले आणि कटर उचलायला पुढं झाले. ठरल्याप्रमाणे ती आता त्यांच्या घरी जायची होती. मी मशीन सोडली नाही. त्यांच्या पुढं केलेल्या हातात रिकामी कॅन दिली.

"ही घ्या भाऊजी, भरून आना," मी म्हणाले. "बायका चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतात. तुमी ह्याच्यात काय काय टाकलं त्याचं नाव घ्या, समद्यांसमोर. मंग मशीन न्या."

भाऊजींनी कॅनकडं बघितलं, मग मालकांकडं.

"माझ्याकडं काय बघायलास," मालक त्यांना म्हणाले, आणि माझ्या हातची कटर घेऊन माझ्यापुढं आमच्या घराकडं चालायला लागले.