त्यायची शाळा

शाई हिरवी होती. चौकोनी घडी, एक कोपरा नखानं दाबून चपटा केलेला... खडूंच्या खोक्यात हात घातला तेव्हा खडूंऐवजी बोटांना हे कागद लागले होते, कोरडे, हलके, ढीगभर — आणि त्यांतला एक वर येऊन रोशनीच्या तळहातावर उलगडला होता. त्यावर 'रूपाली' एवढंच लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर रोशनीचं स्वतःचं होतं.

रूपालीच्या 'रू'ची ही लांब शेपटी. हिच्यामुळे पाचवीपासून मार्क कापले जातात. मतदानाच्या दिवशी निळं पेन संपलं होतं म्हणून दप्तराच्या तळातून हिरवं काढलं, तेही तिला आठवत होतं. हीच ती विज्ञानाची खोली. तिकडे कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा केला होता, आणि त्या आडोशामागे उभं राहून, स्वतःही उमेदवार असताना, आपण हे नाव का लिहिलं...

कारण कडी. मुलींच्या संडासाला जून महिन्यापासून आतून कडी नव्हती. एक जण आत, एक जण बाहेर दार धरून, असं चालायचं. रोशनीनं त्यावर परिपाठात भाषण केलं होतं. चांगलं झालं होतं भाषण, मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रूपालीनं भाषण केलं नाही. ती ओळीनं नऊ दिवस मुख्याध्यापकांच्या दाराशी जाऊन एकच वाक्य बोलून आली, आणि दहाव्या दिवशी घरून कडी, चार स्क्रू आणि पेचकस घेऊन आली. आडोशामागे पेन हातात धरल्यावर रोशनीला ते दार दिसलं होतं, बस. एका मतानं काय होतं, असंही वाटलं होतं. आणि खरंच काही झालं नव्हतं — संध्याकाळी छायामॅडमनी निकाल वाचला : रोशनी एकशे चार, रूपाली एकोणसत्तर. रोशनी शाळेची मुख्यमंत्री झाली. त्याला आज बारा दिवस झाले.

मग ही मतं इथं काय करताहेत?

मोजायची नाहीत, असं ठरवूनच ती मोजत गेली. रूपाली. रूपाली. रोशनी. रूपाली. 'रूपली' — हा पाचवीतला कोणीतरी. रूपाली. ही संघमित्राची चिठ्ठी, 'ली'ची वेलांटी गोल काढते ती. शेजारच्या घरातली संघमित्रा, जिनं निकालानंतर गळ्यात पडून 'मी तुलेच देलं' म्हटलं होतं, तिची चिठ्ठी — रूपाली. तिचा राग आला, आणि लगेच कळलं की तिचा राग येण्याचा आपल्याला काहीच हक्क नाही. त्यानं राग आणखी वाढला. सत्तरपर्यंत गेल्यावर तिनं मोजणं थांबवलं. सत्तर रूपाली आणि खोकं अजून अर्धं भरलेलं.

"खडूले एवढा वेळ?" म्हणत छायामॅडम दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. त्यांनी खोकं पाहिलं, टेबलावर दोन ठिकाणी लावलेले कागद पाहिले, आणि मागं वळून दार लोटून घेतलं.

रोशनीनं विचारलं, किती?

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्या अजून कायम झाल्या नव्हत्या, चार वर्षं शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या आदेशावर होत्या. हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या हळू आवाजात, वहीतलं वाचून दाखवल्यासारख्या बोलल्या. आकडे तेच होते. फक्त नावं अदलाबदल करायला सांगितली. चिठ्ठ्या जाळायला सांगितल्या होत्या, हात धजला नाही.

"कोणी सांगितलं?"

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत दया होती, आणि तिच्यामुळेच रोशनीला उत्तर ऐकायच्या आधी कळलं.

"तुझ्या आबांनी," मॅडम म्हणाल्या. "तुझ्यासाठी नाही सांगितलं, हे ध्यानात घे. संघमित्रा उभी असती तरी हेच सांगितलं असतं."

आबा. रामाजी, मंडळाचे अध्यक्ष, तिच्या वडिलांचे वडील. निकालाच्या दिवशी आबांनी वस्तीत घरोघर बुंदी वाटली होती. स्वतः. पांढरा सदरा घालून, गुडघा दुखत असताना, प्रत्येक दारात थांबून, 'आमची रोशनी निवडून आली' असं सांगत — सगळं माहीत असून. तिच्याही हातावर त्यांनी बुंदी ठेवली होती आणि डोक्यावरून हात फिरवला होता, आणि तो हात किती हलका होता... मी पाया पडले होते. मी त्यांच्या पाया पडले होते आणि त्यांनी मला पडू दिलं.

बारा दिवस ती परिपाठात पुढं उभी राहत होती, 'सावधान' म्हणत होती आणि पावणेदोनशे पोरं पाय जुळवत होती. त्यांतल्या एकशे तिघांनी तिला निवडलं नव्हतं; एकशे चौथी ती स्वतः. त्यांना फक्त आपापलं माहीत होतं, म्हणून प्रत्येकाला वाटत होतं, आपण हरणाऱ्यांतले. एकशे तीन जण, एकेकटे हरलेले. ती सावधान म्हणायची आणि ते सावधान व्हायचे. दुसरं, खडूंनी भरलेलं खोकं तिनं वर्गात नेऊन टेबलावर आदळलं, आणि कोणी काही विचारलं नाही, कारण ती मुख्यमंत्री होती.

मधल्या सुट्टीत रूपाली खिचडीच्या रांगेशी उभी होती. वाढणाऱ्या बाईंच्या शेजारी राहून लहान पोरांची ताटं पुढं सरकवत होती, आठवीतल्या दोघांना मागं पाठवत होती. ते निमूट मागं जात होते. हे काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. रोशनीनं तिला हाताला धरून टाकीमागं नेलं. हात जरा जोरातच धरला गेला.

"तूच निवडून आली होती."

रूपालीनं हात सोडवून घेतला. "मले माहीत हाये," ती म्हणाली.

पोरांनी येऊन येऊन सांगितलं होतं म्हणे, कोणी कोणाला दिलं ते. तिनं मनातल्या मनात हिशेब केला होता, नव्वदपर्यंत पोचला होता. मग गप्प का राहिलीस, असं रोशनीनं विचारलं. रूपाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग एकदम सरळ बोलली, "आई म्हणे, त्यायची शाळा हाये, त्यायच्या मनानं चालन. आपल्याले शिकाशी मतलब. आणि तू बोलतं बी चांगलं. जाऊ दे ना."

त्यायची.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पाचवीपासून ही मुलगी इथं आहे. तिच्या गावातल्या शाळेचे वरचे वर्ग बंद झाले तेव्हा तिथली निम्मी पोरं इथं आली; कुणब्यांची, तेल्यांची, सगळ्यांची. सकाळची बुद्धवंदना रूपाली जितकी स्पष्ट म्हणते तितकी रोशनीला येत नाही. चौदा एप्रिलला हिनंच रात्रभर जागून... नाही, रात्रभर नाही, पण दोन दिवस बसून निळ्या पताका कापल्या होत्या. आणि आता ओढणीचं टोक सोडवत ती म्हणते, त्यायची. आणि ते शांतपणे म्हणते, जणू पावसाचं सांगावं तसं. जाऊ दे ना. हिला राग येत नाही म्हणून तो सगळा मलाच करावा लागतो आहे काय?

आणि त्या रागाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती आज नेमकी वर आली. मागच्या वर्षीच्या दिवाळीत रोशनी रूपालीच्या घरी गेली होती. रूपालीच्या आजीनं प्रेमानं बसवलं, शाळेचं विचारलं, मग आडनाव विचारलं. मग आत गेली. चहा आला तो सगळ्यांना कपबशीत आणि रोशनीला कागदाच्या पेल्यात. रूपालीनं ते पाहिलं, आत जाऊन स्वतःसाठीही कागदाचा पेला घेऊन आली. दोघींनी चहा प्यायला. त्यावर दोघी कधीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर रोशनीनं आबांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

"जाऊ दे नाई," ती रूपालीला म्हणाली आणि निघून गेली.

शेवटच्या दोन तासांत उद्याच्या कार्यक्रमाची तालीम होती. उद्या संविधान दिन. तालुक्याहून पाहुणे येणार होते, आणि मुख्यमंत्र्यानं उद्देशिका सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. तालमीत 'दर्जाची व संधीची समानता' या ओळीवर तिचा आवाज फाटला. मुख्याध्यापकांनी पाणी पी म्हटलं. पाणी प्यायली, पुन्हा म्हटलं, नीट झालं. नीट झालं याचाच तिला संताप आला. आपलं तोंड किती सराईत आहे...

सायकलनं घरी येताना दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, बाया वेचत होत्या, कोणीतरी तिला हाक मारली. तिनं पाहिलं नाही. ती मनात आबांशी बोलत होती, आणि मनातले आबा लहान होत चालले होते — खोटारडे, हेकट, बुंदी वाटत फिरणारे म्हातारे.

खरे आबा ओट्यावर बसले होते, शाळेच्या गणवेशातली तिची ओढणी मांडीवर घेऊन तिचा उसवलेला काठ शिवत. उद्यासाठी. त्यांना सुईत दोरा ओवता येत नसे, आईकडून ओवून घेतला असणार. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. सुट्टीच्या प्रत्येक रविवारी वस्तीतल्या माणसांबरोबर नाल्यातली रेती डोक्यावर आणून त्यांनी त्या शाळेच्या पहिल्या तीन खोल्या बांधल्या, हे रोशनीला पाढ्यांसारखं पाठ होतं.

ती सायकल न लावताच म्हणाली, मला चिठ्ठ्या सापडल्या.

आबांनी सुई कापडात खोवून ठेवली. नाकारलं नाही. ती नाकारण्याची वाट पाहत होती. नाकारलं असतं तर सोपं होतं. ते म्हणाले बस, ती बसली नाही.

"मी सातवीत होतो, तालुक्याले," ते म्हणाले. "खो-खोच्या संघाचा कप्तान मले पोरायनं निवडलं. मास्तरनं यादी वाचली तं नाव दुसऱ्याचं. मी विचारलं बी नाई. विचाराची सोयच नव्हती. त्यायच्या शाळेत आपण कधी पुढं उभे राह्यलो नाई, बेटा. म्हून हे शाळा बांधली. इथं तरी आपलं पोरगं पुढं उभं राह्यलं पाह्यजे."

"तुमच्या मास्तरनं केलं तेच तुम्ही केलं."

"नाई." त्यांनी मांडीवरची ओढणी सारखी केली. "त्याच्यापाशी सारंच होतं. आपल्यापाशी हे एकच जागा हाये."

कागदाचा पेला तिच्या डोळ्यांसमोर आला. ते खरं बोलत होते. शब्दन्‌शब्द खरं. तिच्याजवळ त्याचा पुरावाही होता आणि तो तिनं वर्षभर दडवून ठेवला होता. आणि तरीही तिच्या अंगातली एकही शीर सैल होत नव्हती. त्यांच्या खरेपणावर ती चिडली होती. खोटं पाडता येईल असं काहीतरी त्यांनी बोलायला हवं होतं.

"आबा, मी रूपालीले मत देलं होतं."

त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तयारी नसलेलं काहीतरी आलं.

"माह्या मताचं काय केलं तुम्ही?"

घरात आईचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आबा म्हणाले, "तिले काऊन देलं?"

"ते सांगा लागत नाई," रोशनी म्हणाली. "तुमीच शिकवलं."

त्यांनी मान खाली घातली. पण शरमेनं, की पुन्हा शिवायला, हे कळेना, कारण हात सुईकडे गेला होता आणि सुई सापडत नव्हती. ती त्यांच्या हाताखालीच होती. तिनं ती काढून दिली नाही. पाहत उभी राहिली. आबा कापड चाचपत होते, आणि येतानाच्या वाटेवरचा तो लहान झालेला म्हातारा तिला कुठं सापडेना. इथं बसलेला माणूस होता तेवढाच होता, रेती वाहिलेला, बुंदी वाटलेला, एकच. त्याला लहान केल्याशिवाय आपल्याला चिडता येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण येत होतं. राग तसाच होता, पूर्ण, आणि आबाही तसेच होते, पूर्ण, आणि दोघांना एकाच ओट्यावर जागा होत होती.

"उद्या कितीले निघाचं?" खाली पाहतच त्यांनी विचारलं.

साडेसातला, ती म्हणाली. उद्या काय बोलशील, हे त्यांनी विचारलं नाही. ते तिलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आबा नेहमीसारखे पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसतील, आणि बोलताना मी दुसरीकडे कुठं पाहणार नाही.